पक्याचे मालवणी मित्र

"गोवा संपलं," पक्यानं जाहीर केलं आणि पाठीवरची बॅग कट्ट्यावर टेकवली. दुसरा कुणी असता तर आधी घरी जाऊन अंघोळ करून आला असता. पण बॅगेसकट चारचौघांत दिसलं नाही, तर पक्याच्या लेखी जाऊन आल्याचा उपयोग काय?

"कशानं संपलं? वडापावनं की इडली-सांबारानं?" नंद्यानं विचारलं. गोव्याच्या किनाऱ्यावर वडापाव आणि इडली-सांबार विकतात म्हणून फॉरेनर कमी झाले, हे कळंगुटच्या आमदारांचं बोलणं नंद्याला अजून पचलेलं नाही. त्याच्या भावाची वडापावची गाडी आहे. "लढाया, व्हिसा, विमानाची तिकिटं, सगळं राहिलं बाजूला. फॉरेनर येत नाहीत, धरा वडापावला."

"राजकारण नको रे," पक्या म्हणाला. "मी सांगतो ते ऐका. आरंबोलला..."

"हरमल," बाबल म्हणाला.

"तेच ते. तिथून केरी, फेरीबोटीनं तेरेखोल, पायी माणसाला एक पैसा पडत नाही, मग रेडी, शिरोडा, वेंगुर्ला, एसट्या बदलत बदलत मालवण आणि शेवटी देवबाग. एका ठिकाणी बुकिंग केलं नाही. सगळीकडे लोकल मित्रांकडे राहिलो."

"शिरोड्याला मिठागरं बघितलीस? 1930 चा मिठाचा सत्याग्रह झाला तिथं," नंद्या म्हणाला. त्याचे आजोबा स्वातंत्र्यसैनिक होते, हे आम्हाला महिन्यातून एकदा तरी ऐकावं लागतं.

"मिठागरं नाही बघितली. पण तिथं एकानं काय फिल्टर कॉफी पाजली यार!"

नंद्यानं आमच्याकडे असं पाहिलं, की बघा, ह्यासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या.

इथवर पक्या नेहमीचाच होता. खरी गंमत त्यानं 'अनटच्ड' म्हटल्यावर सुरू झाली. देवबाग म्हणे अजून अनटच्ड आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, आणि कुणाला पत्ताच नाही.

बाबल तारकर्लीचा. म्हणजे त्याचे वडील तारकर्लीचे. हा वाढला डोंबिवलीत आणि गावाला जातो गणपतीत. पण शेजारच्या देवबागचं नाव निघालं की त्याच्या छातीत हवा भरते. "अनटच्ड? सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला 1997 साली. तेव्हा तू शाळेत डबा सांडत होतास. तेव्हापासून दर सीझनला तुझ्यासारखे येतात, आमच्या अंगणात उभे राहतात आणि आम्हालाच सांगतात, इथं अजून कुणी आलेलं नाही."

"पण मी टुरिस्टसारखा नाही गेलो ना! ना स्कूबा, ना पॅरासेलिंग, ना त्सुनामी आयलंड. मी रापण ओढली." पक्यानं दोन्ही तळहात पुढे केले. बोटांच्या मुळाशी फोड आले होते, एक फुटून त्याची कातडी गोळा झाली होती. हे मात्र खरं होतं. रापणीचा दोर ओला, वाळूनं भरलेला, जाड. होडीतून जाळं अर्धगोल टाकत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि मग तीस-चाळीस माणसं टाचा वाळूत रोवून मागे मागे सरत ओढत राहतात. समुद्र सहजासहजी काही सोडत नाही. पक्यासारखा लॅपटॉपवाला त्यात अर्धा तास टिकला असेल तर त्याला मानलं पाहिजे. (हे मी तेव्हा बोललो नाही. पक्याला मान द्यायचा तर जपून द्यावा लागतो.)

"आणि शेवटी मला वाटा मिळाला. पाच बांगडे! मी नको नको म्हणतोय, तरी हातात कोंबले. तुला कळतंय का ह्याचा अर्थ? दे ॲक्सेप्टेड मी."

"दोराला हात लावला की देतात," बाबल म्हणाला. "रिकाम्या हातानं कुणाला पाठवत नाहीत. घारींनाही मिळतं, त्या बिचाऱ्या दोरसुद्धा ओढत नाहीत."

"जळतोयस तू."

"बरं, ज्याच्याकडे राहिलास त्याचं नाव काय?"

"दादू. माय ब्रदर."

"आडनाव?"

पक्या गप्प.

"वाडी कुठली? घर खाडीच्या अंगाला की समुद्राच्या? त्याच्या आवशीचं माहेर कुठलं?"

"मी काय सोयरीक जुळवायला गेलो होतो?"

"अरे, तो तुझा ब्रदर असेल, तर त्यानं पहिल्या पाच मिनिटांत तुला हे सगळं विचारलं असणार. आमच्याकडे पाणी द्यायच्या आधी आडनाव विचारतात. विचारलं ना?"

"विचारलं," पक्यानं कबूल केलं.

"आणि तू?"

"मी त्याला त्याची लाइफ स्टोरी विचारली."

शलाका इतका वेळ कटिंग फुंकून पीत होती. आमच्या कट्ट्यावर सगळ्यात कमी बोलते आणि सगळ्यात जास्त एकटी फिरलीय ती. गोकर्ण, दापोली, तिकडे ओडिशाचं गोपाळपूर. फोटो टाकत नाही, त्यामुळे पक्या तिला ट्रॅव्हलर मानत नाही.

"पैसे किती दिलेस रे त्याला?" तिनं विचारलं.

"रात्रीचे आठशे, जेवणाचे वेगळे. पण ते पैसे म्हणजे फक्त..."

"निवास-न्याहारी," बाबल म्हणाला. "पाटी असेल बघ दारात, एमटीडीसीची."

"होती," पक्या म्हणाला. "पण त्या पाटीच्या पलीकडे आमचं नातं गेलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गप्पा मारल्या आम्ही पडवीत."

"त्याला झोप आली नव्हती?"

"काय माहीत. बसला होता."

"तेच म्हणतेय. गिऱ्हाईक उठेपर्यंत बसावंच लागतं रे. सकाळी पाचला त्याला होडीवर जायचं असेल तरी तो तुला, आता झोपा, असं म्हणू शकत नाही. ज्याला आपल्याला हाकलून देता येत नाही, तो आपला मित्र कसा?"

हे ऐकल्यावर नंद्याचाही चहा हातात राहिला. मला तर त्या दादूच्या जांभया दिसायला लागल्या.

पक्या चिडला, आणि चिडला की तो बरा बोलतो. "म्हणजे मी काय करायचं होतं? तुमच्यासारखं एसी गाडीतून जायचं, सुरमई थाळी हाणायची, किल्ल्यावर सेल्फी काढायचा, हॉटेलवाल्याशी रस्सा तिखट म्हणून भांडायचं आणि परत यायचं? मी निदान माणसांशी बोललो. नंद्या, तू मालवणला चार वेळा गेलास, एकाचं तरी नाव सांग तिथल्या."

नंद्यानं आठवून पाहिलं. "तो... होडीवाला होता एक. किल्ल्यावर नेणारा. 1664 ला पायाभरणी झाली म्हणून सांगत होता."

"नाव?"

"होडीवालाच म्हणायचो."

हा गुण पक्याला द्यावाच लागला. पण शलाकानं तोही फार वेळ हातात राहू दिला नाही. "बोललास ते चांगलंच केलंस. फक्त लगेच मैत्रीच्या पावत्या फाडू नकोस. वेंगुर्ल्याला मी एका मावशीकडे उतरायचे. पहिल्या खेपेला ती मला, अहो मॅडम, करायची. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं, पुढ्यात आणून ठेवायची. तिसऱ्या का चौथ्या खेपेला गेले तर म्हणाली, आज माझं अंग दुखतंय, मी काही करणार नाही, तांदूळ त्या डब्यात आहेत. मी भात लावला, आमटी केली. तिनं जेवून सांगितलं की भात चिकट झालाय आणि तुझ्या आईनं तुला काय शिकवलं. तेव्हा मला वाटलं, चला, आता जमलं."

"आणि त्या दिवसाचे पैसे?"

"घेतले की. वर तांदूळ जास्त लावलास म्हणून ऐकवलं. मागच्या वर्षी तिची मुलगी परीक्षेला मुंबईत आली, ती माझ्याकडे राहिली. माझ्या एवढ्याशा वन बीएचकेत. मावशीचा रोज फोन: पोरीला लवकर उठव. तुझा दादू आला डोंबिवलीला, तर तू कुठं ठेवशील पक्या?"

पक्या म्हणाला, "स्टेशनजवळ चांगली लॉजेस आहेत."

ह्यावर जो हशा झाला, त्यानं समोरच्या केमिस्टवाल्यानंही मान बाहेर काढली.

बाबलला मग आजोबा आठवले. गिरणीत होते, लालबागला. गावकऱ्यांनी मिळून घेतलेली एक खोली. भिंतीला ओळीनं ट्रंका आणि खुंट्या, पाळीप्रमाणे झोपायचं, दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच्याच जागेवर आडवा. जेवायला खानावळ. गावातून नवा पोरगा आला की त्याला आडनाव आणि वाडी सांगितली की जागा मिळायची. "बॅकपॅकर हॉस्टेल म्हणे. माझ्या आज्यानं आयुष्य काढलं डॉर्मिटरीत, आणि त्याला कुणी कूल म्हटलं नाही."

नंद्यानं लगेच गोवेकरांच्या कुडी काढल्या, म्हणजे मुंबईतल्या त्यांच्या गावकीच्या खोल्या. धोबी तलावाच्या बाजूला, एकेका गावाची एकेक कूड. बोटीवर नोकरी करणारे खलाशी येता-जाता उतरायचे, संध्याकाळी वेदीसमोर तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला हजर राहायचं. त्याचं म्हणणं असं, की किनाऱ्यावरची माणसं पिढ्यानपिढ्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन मुंबईला आली, तेव्हा त्यांना आपण किती विचारलं? आता आपण उलट दिशेनं निघालो, तर दोन दिवसांत मिठी मारून घ्यायची घाई. नंद्या कधी कधी असं बरोब्बर बोलतो आणि मग स्वतःच बिघडवतो. "तरी वडापाव तेव्हाही असता तर..."

"तू थांब रे."

"पण रापण मी ओढली," पक्या म्हणाला. तो फिरून तिथंच येत होता.

"पावसाळ्यात जा," शलाका म्हणाली. "मासेमारी बंद, किल्ल्याच्या होड्या बंद, पाण्यातले खेळ बंद, गिऱ्हाईक नाही, लाइट गेलेली. तेव्हा दादू पडवीत बसलेला असेल जाळं शिवत. तेव्हा बस त्याच्याशी दोन वाजेपर्यंत."

"पावसाळ्यात काय करणार तिथं?"

"तो जे करतो ते."

"म्हणजे काही नाही."

"हो, ते जमतंय का बघ."

आता विषय इथं थांबला असता, पण बाबलला मांडवा आठवलं. अलिबागहून परतताना शेवटच्या बोटीला पक्या एकटाच चढला आणि आम्ही जेटीवर राहिलो, कारण पक्याला बोटीत कुणी 'इंटरेस्टिंग' माणूस भेटला होता. त्या रात्रीच्या टेम्पोचे पैसे अजून बाबलच्या हिशोबात आहेत. "ह्याला अनोळखी माणसं फार आवडतात," बाबल म्हणाला, "ओळखीची झाली की विसरतो."

"मी विसरत नाही. दादूला आत्ता फोन लावतो. स्पीकरवर लावतो. मग तर पटेल?"

"नको रे, जेवत असेल तो," शलाका म्हणाली. पक्यानं लावलासुद्धा.

बराच वेळ वाजला. मग माडांच्या झावळ्यांतून आल्यासारखा आवाज आला. "हां, कोण?"

"दादू, मी प्रकाश! डोंबिवली!"

"कोण परकाश? ...हां हां, तो मोठी बॅगवालो! रे, तुझो टॉवेल रवलो हंयसर. आवशीन धुवन ठेवलो हा. आणि तो काय ता, चार्जर."

पक्यानं आमच्याकडे विजयानं पाहिलं. टॉवेल धुवून ठेवला म्हणजे मैत्री सिद्ध, असा त्याचा चेहरा. "दादू, इकडे माझे मित्र बसलेत. एक तुमच्याकडचाच आहे. तारकर्लीचा. बाबल."

"बाबल? खंयचो बाबल? शाळेच्या मागलो? डोंबिवलीक आसता तो?"

बाबल अचानक पानवाल्याकडे बघायला लागला.

"तेका सांग," दादूचा आवाज चढला, झोप उडाल्यासारखा, "माझी बायको थयलीच. सासऱ्याकडे वही आसा. सप्त्याची वर्गणी दोन वर्सांची रवली हा. फोन केलो तर उचलूक नाय. गणपतीत येता, मोदक खाता आणि जाता. पर्यटक बरे, निदान पैसे देवन जातत!"

शलाका कट्ट्यावर आडवी झाली होती. नंद्या केमिस्टवाल्याला हाका मारून सांगत होता, या, ऐका. बाबलनं पक्याच्या हातातून फोन ओढला आणि तोंडाशी धरून ओरडला, "हॅलो? हॅलो? आयकाक येना नाय! रेंज नाय हा!" फोनच्या वरच्या कोपऱ्यात सगळ्या कांड्या भरलेल्या होत्या, आम्हाला दिसत होत्या.

"माका मात सगळा आयकाक येता," दादू म्हणाला.

बाबलनं फोन बंद केला. पक्यानं अगदी सावकाश बॅगेचा कप्पा उघडला, पाकीट काढलं आणि विचारलं, "किती आहे रे वर्गणी? मी भरतो. माझ्या ब्रदरचं सासर आहे."

"तू कशाला भरशील?"

"पावती माझ्या नावानं फाडायला सांगतो."

"आयझया, माझ्या वाडीत तुझ्या नावाची पावती?" बाबल उठून उभाच राहिला. "पाचशे आहेत वर्साचे. दे हजार. पावती माझ्या नावानं. आणि मांडव्याच्या टेम्पोचे त्यातून वळते केले समज."