सोऱ्या जागेवर बसेना

दिवाळीच्या तोंडावर धडधाकट पुरुषाची जागा माळ्यावर. मी मात्र जेवणाच्या टेबलाशी, लसणाच्या एका गड्ड्यासमोर मान वाकडी करून बसलो होतो. समोरचा लसूण लसणासारखा दिसत होता. कागदावरचा नव्हता.

या सगळ्याच्या मुळाशी एक अमेरिकन गृहस्थ आहेत. जेक पार्कर नावाच्या या चित्रकाराने २००९ साली, आपला शाईचा हात सुधारावा म्हणून, ऑक्टोबरभर रोज एक चित्र काढायचं ठरवलं आणि त्या उद्योगाला ‘इंकटोबर’ म्हटलं. तेव्हापासून जगभरची माणसं ऑक्टोबरात बोटं काळी करून घेतात. त्यांच्याकडे दिवाळीची साफसफाई नसते, ऑक्टोबर हीट नसते आणि बहुधा माझी आईही नसते. एरवी हा महिना कोणी निवडला नसता.

‘विषय घरातलेच घ्यायचे, आणि चित्र पोस्टकार्डाएवढं,’ असं मी जाहीर केलं. लहान चित्राला वेळ कमी लागतो, हा माझा पहिला गैरसमज. पोस्टकार्डावर रेघ केसभर सरकली तरी कपाचा कान कपाला सोडून जातो. शाळेत एलिमेंटरीच्या वस्तुचित्रात मला सी ग्रेड होती, कारण माझ्या बादलीचा एक खांदा नेहमी पडलेला असायचा. तीस वर्षांनी तपासून पाहिलं. अजून पडलेलाच आहे.

पण तिथे निदान खोडरबर होतं. शाईचं काम म्हणजे लग्नातल्या अक्षता. एकदा पडल्या की पडल्या. माझ्या दौतीतली काळी शाई काजळी आणि लाखेची. वाळली की पाण्याला दाद देत नाही. ही गोष्ट बाटलीवर छापलेली असते, पण मला ती सोफ्याच्या नव्या कव्हरवरून समजली.

चूक खोडता येत नाही, तेव्हा ती लपवायची. त्यासाठी जवळजवळ तिरप्या रेघा मारायच्या, त्यांवर उलट्या दिशेने आणखी रेघा, की झाली सावली. पहिल्या आठवड्यात माझ्याकडून इतक्या सावल्या पडल्या की आमच्या घरात कायम संध्याकाळचे साडेसहा वाजलेले दिसतात. मारिओ मिरांडांनी कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंतीच्या भिंती माणसांनी गजबजून टाकल्या. मला एक निंबू सरबताचा ग्लास उजेडात आणता येईना.

त्यात पंख्याचा घोळ. पंखा लावला की कागद उडतो आणि टाकाच्या निबेवरची शाई कागदाला टेकायच्या आतच सुकू लागते. बंद केला की घाम येतो. हनुवटीवरून एक थेंब नेमका ओल्या रेघेवर टपकतो आणि चहाच्या किटलीला मुळं फुटतात. नवव्या दिवशीची किटली पाहून शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगंबाई, रताळं छान जमलंय हो!”

हेही सोसलं असतं. खरा छळ मॉडेलांचा. मोठमोठे चित्रकार फळं मांडून ठेवतात आणि ती आठवडाभर तशीच राहतात म्हणे. आमच्याकडे केळं अर्ध्यावर आलं की मुलगा उरलेलं अर्धं खातो. बाबांचा चष्मा काढायला घेतला तर बाबा तो शोधायला लागले, आणि चष्मा नसल्यामुळे त्यांना तो माझ्यासमोर दिसेना. सांडशीची एकच दांडी काढून झाली होती, तेवढ्यात दूध वर आलं. त्या चित्रात सांडशीला अजून एकच दांडी आहे. काहींना ते आधुनिक वाटतं.

विसाव्या दिवशी मी सोऱ्याला हात घातला. पितळी, आजीच्या वेळचा, वर दट्ट्या, खाली चांदणीच्या भोकाची ताटली. शाईत पितळ काढणं म्हणजे काय न काढणं ते कळणं. पांढरा रंग नसतो, तेव्हा जिथे चकाकी तिथे कागद कोरा सोडायचा आणि हात आवरायचा. तासभर मी हात आवरला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चित्रात दिवस उजाडला. पोटाचा गोलवा आला, डाव्या अंगाला खिडकीची चिमुकली चौकट चमकायला लागली.

“सोऱ्या दे,” आई म्हणाली.

“दहा मिनिटं.”

“उकड गार होतेय. तुझा कागद काही गार होत नाही.”

या युक्तिवादावर चित्रकलेच्या इतिहासात उत्तर नाही. सोऱ्या गेला. दट्ट्या राहिला तो आठवून काढला. एलिमेंटरीत त्याला स्मरणचित्र म्हणायचे आणि त्यातही मला सीच होती.

संध्याकाळी मी चिडून सोऱ्याऐवजी त्याची पहिली चकलीच समोर ठेवली. चकलीचं बरं असतं. खांदे नसतात, पडायची भीती नाही. मधून सुरुवात करायची आणि फिरत बाहेर यायचं. काटे काढले, तीळ टिंबांनी टिपले, पंखा बंद, श्वास बंद. थेंब पडला नाही. खाली तारीख घातली आणि चित्र भीतभीत आईसमोर धरलं.

तिने तेलाचं बोट पदराला पुसलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बराच वेळ पाहिलं. मग ओठ हलवत काहीतरी मोजलं.

“तीनच वेढे?” ती म्हणाली. “आपल्या चकलीला चार असतात.”

मी शहानिशा करायला बशीकडे वळलो. बशी रिकामी होती, आणि मुलाच्या तोंडातून कुरुम कुरुम आवाज येत होता.