मंद नव्हे, महाग

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच फॉरवर्ड पुन्हा आला. मजकूर थोडक्यात असा: 'कोडिंग हा पोरांचा खेळ. चाळिशीनंतर मेंदू मंदावतो, नवं शिकता येत नाही, पगार मात्र चौपट. वेळेत मॅनेजर व्हा, नाहीतर गावाला जाऊन शेती करा.' खाली अंगठ्यांची रांग. अंगठे देणारे माझ्याच बॅचचे, म्हणजे सत्तेचाळिशीतले. त्याचं जास्त वाईट वाटलं.

आधी मेंदूचं बघू. तरुण माणसंच जास्त हुशार असतात, असं फेसबुकचा मार्क झुकरबर्गही 2007 मध्ये स्टॅनफर्डला जाहीरपणे म्हणाला होता. तेव्हा तो 22 वर्षांचा होता. आता त्याचीही चाळिशी उलटली, पण खुर्ची काही सोडलेली नाही. वेग कमी होतो हे खरं, खोटं कशाला बोलू? रात्री दोनला क्लायंटची चालू सिस्टीम कोसळली की दुसऱ्या दिवशी मी कामाचा उरत नाही. पण युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घडवणारा केन थॉम्पसन गूगलमध्ये दोघा सहकाऱ्यांबरोबर 'गो' ही प्रोग्रॅमिंगची भाषा आखायला बसला, तेव्हा 64 वर्षांचा होता. ब्रायन कर्निगनने 2022 मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, 'ऑक' या, त्यानेच इतरांबरोबर घडवलेल्या, भाषेच्या मूळ आवृत्तीत युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांची, सोय केली. आपली देवनागरीही त्यात आली.

ही अपवादात्मक माणसं, असं कुणी म्हणेलच. मग साधी माणसं घ्या. 2013 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधकांनी स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमर्सच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरच्या 84,000 हून अधिक सदस्यांचं वय आणि त्यांच्या उत्तरांना मिळालेले गुण ताडून पाहिले. ज्ञान पन्नाशीपर्यंत वाढतच जाताना दिसलं. अमेरिकेतल्या सर्वांत वेगाने वाढलेल्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं, कंपनी काढतानाचं सरासरी वय 45 होतं, असंही 2020 मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात निघालं.

'नवं शिकता येत नाही' हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं. मी हिंजवडीत नऊ वर्षं एकाच विमा कंपनीच्या एकाच जुन्या सिस्टीमवर होतो. दोनदा प्रोजेक्ट बदलून मागितला. दोन्ही वेळा उत्तर आलं, "क्लायंट तुझंच नाव घेतो, तुला हलवलं तर बिलिंग अडकेल." शेजारच्या ओळीत नवी पोरं क्लाउडसारखं नवं तंत्र शिकत होती, कंपनीच्या वेळेत आणि कंपनीच्या खर्चाने. मी घरी, मुलीचा अभ्यास आटोपल्यावर. दहाव्या वर्षी क्लायंटने ती सिस्टीम बंद केली आणि अप्रेझलमध्ये शेरा आला: 'स्किल्स जुने.' जुने ठेवले कुणी? आणि जुन्याला किंमत नसते असंही नाही. एप्रिल 2020 मध्ये बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल ही जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर हाक द्यावी लागली होती.

पगाराचा मुद्दा मात्र खरा आहे. फॉरवर्डमधली एवढीच प्रामाणिक ओळ. आपल्याकडचा सेवा-धंदा पिरॅमिडवर चालतो: खाली स्वस्त फ्रेशर्सचा रुंद पाया, वर मोजकी महाग माणसं. दरवर्षी पगारवाढ द्यायची आणि क्लायंटकडून मिळणारा दर तेवढाच, की मधला थर जड होतो. आयबीएमने पाच वर्षांत अमेरिकेतले चाळिशीच्या पुढचे 20,000 हून जास्त कर्मचारी कमी केले, असा प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेचा 2018 चा अंदाज होता. तिथे निदान 1967 पासून चाळिशीपुढच्यांना संरक्षण देणारा कायदा आहे, कोर्टात जाता येतं. आपल्याकडे खासगी नोकरीसाठी तसा कायदा नाही. 'कमाल वय 35' असं जाहिरातीत बिनदिक्कत छापतात. तेव्हा महाग पडता म्हणा ना. हिशोबाचं भांडण हिशोबाने तरी भांडता येतं. मंद म्हटलं की माणूस स्वतःच मान खाली घालतो.

'मॅनेजर व्हा' या सल्ल्याबद्दल फार लिहीत नाही. जुलै 2025 मध्ये टीसीएसने 12,000 च्या वर लोक कमी करण्याचं जाहीर केलं, ते मुख्यतः मधल्या आणि वरच्या पातळीवरचे. त्यातले बरेच जण वेळेत मॅनेजर झालेलेच असणार.

उरली शेती. फॉरवर्ड मी जुन्नरच्या चुलतभावाला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "दादा, कांद्याचा भाव बघितलास का? तिकडं कोडिंगची एखादी जागा असली तर सांग."