तीन आकडे टाकून 'पुरेसं' ठरत नाही

'डेटा सफिशियन्सी' म्हणजे दिलेल्या विधानावरून प्रश्नाचं उत्तर ठरतं का, एवढंच विचारणारा स्पर्धा परीक्षेतला प्रश्न. त्यावर पुण्यातल्या शास्त्री रस्त्यावरच्या अभ्यासिकांमध्ये एक मेसेज फिरतोय: "डेटा सफिशियन्सीत संख्यांचा प्रश्न आला की तीन आकडे टाका. तिन्हींना 'हो' आलं तर विधान पुरेसं, 'नाही' आलं तर अपुरं. अडलात तर 'दोन्ही मिळून पुरेशी' ठोका." टपरीवरचा चहा संपायच्या आत पाठ होतो, म्हणूनच पसरला असावा.

आधी ते तीन आकडे. x³ > x दिलंय. x हा 1 पेक्षा मोठा आहे का? 2, 3, 10 टाका, तिन्हींना 'हो'. आता −½ टाका. घन −⅛, तो −½ पेक्षा मोठाच. विधान पाळलं गेलं, पण x काही 1 पेक्षा मोठा नाही. म्हणजे अपुरं.

कुणी म्हणेल, मग तीनऐवजी तीस टाकू. टाका की! n² + n + 41 मूळ संख्या आहे का? दिलंय एवढंच, की n हा 50 पेक्षा लहान धन पूर्णांक आहे. 1 पासून 39 पर्यंत दर वेळी मूळ संख्याच येते. 40 ला 1681 येतात, म्हणजे 41 × 41. आकड्यांनी विधान पाडता येतं. एक 'हो' आणि एक 'नाही' सापडलं की खेळ खलास. ते पुरेसं आहे म्हणायला मात्र कारण लागतं.

'नाही' म्हणजे अपुरं, ही तर सरळ चूक. p मूळ संख्या आहे. p² + 2 मूळ आहे का? विधान: p > 3. 5 ला 27, 7 ला 51 (मूळ वाटते ना? सतराचा पाढा आठवा), 11 ला 123. आता कारण: 3 ने भाग न जाणाऱ्या संख्येच्या वर्गाला 3 ने भागलं की बाकी 1 उरते. त्यात 2 मिळवले की भाग गेलाच. उत्तर कायम 'नाही', म्हणून विधान पुरेसं. उत्तर ठरतं का एवढंच विचारलंय.

आणि 'दोन्ही मिळून'? विधानं दोन: n ला 6 ने भाग जातो, n ला 4 ने भाग जातो. 24 ने जातो का? सहा चोक चोवीस म्हणत खूण करणाऱ्यांनी 12 घेऊन बघावं. 6 आणि 4 चा लसावि 12 च. 24 ला 'हो', 12 ला 'नाही', म्हणजे दोन्ही मिळूनही अपुरी. यूपीएससीच्या सीसॅटमध्ये (पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर) अशा एका चुकीच्या खुणेला प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापले जातात.

आकडे टाकायचेच तर 2, 3, 10 सोडून 0, −1, ½, −½ टाका. प्रश्नात 'पूर्णांक' लिहिलं असेल तर मात्र ते अर्धे घरीच ठेवा.