डॉलीचं नावही घ्या

इंग्लिश लोकगीत गायिका शर्ली कॉलिन्सच्या 'अँथम्स इन ईडन' या अल्बमवरचा तुमचा लेख आवडला, पण एक गोष्ट मनाला लागली. त्याला तुम्ही 'शर्लीचा अल्बम' म्हणता आणि डॉलीला 'साथीला बहीण' एवढ्यावर उरकता. १९६९ साली हा अल्बम हार्वेस्ट या रेकॉर्ड लेबलवर आला, तेव्हा दोघी कॉलिन्स बहिणींची नावं पहिल्यांदा जोडीनं छापली गेली. ते अगदी रास्त होतं.

रेकॉर्डच्या पहिल्या बाजूच्या वाद्यमेळाची सगळी बांधणी डॉलीची. पहिल्या महायुद्धानं उलथून टाकलेल्या इंग्लंडच्या खेड्याची गोष्ट तिथं लोकगीतांतून सलग ओवली आहे. प्राचीन संगीताचे जाणकार डेव्हिड मन्रो यांच्या वादकांनी क्रमहॉर्न, सॅकबट अशी शेकडो वर्षांपूर्वीची वाद्यं वाजवली. डॉलीचा छोटा ऑर्गन नीट ऐका. आपल्या पेटीत पितळी पट्ट्या असतात, याला बासरीसारख्या नळ्या. त्यामुळे सूर हवेशीर, किंचित थरथरता येतो. त्यावर शर्लीचा ससेक्सचा साधा आवाज, एकही हरकत नाही. अंगावर काटा येतो हो!

आणखी एक. १९७६ च्या 'अ‍ॅमरंथ' या अल्बममध्ये पहिली बाजू हीच ठेवून दुसरी बदलली होती. नव्यानं घेणाऱ्यांनी मूळ दुसरी बाजू असलेलीच आवृत्ती घ्यावी. डॉली १९९५ मध्ये गेली. पुढच्या लेखात तिच्यावर निदान दोन परिच्छेद लिहा, ही कळकळीची विनंती.