पळीची घट

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुलाचं नाव गेलं की बापाचंही जातं, फक्त वहीत तेवढं लिहीत नाहीत. आमच्या चिरंजीवांनी 'विजेने तांब्याचा मुलामा' हा विषय परस्पर घेऊन टाकला आणि घरी येऊन म्हणाले, "पप्पा, तुम्ही केमिस्ट्रीवाले ना?" उमविची (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची) बी.एस्सी. माझ्या ट्रंकेत आहे, हे खरं. पण गेली अठरा वर्षं मी चोपडा गावात पतपेढीची कर्जवसुली करतोय, हेही खरंच.

पहिलं काम मोरचूद आणायचं. कॉपर सल्फेट म्हटलं तर इथे कोणी ओळख दाखवत नाही, मोरचूद म्हटलं की कृषी केंद्रवाला खुर्चीतून उठतो.

"किती एकर, भाऊ?"

"अर्धा ग्लास."

तो बघतच राहिला. "बोर्डोला किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी. अर्ध्या ग्लासात काय फवारशाल?" मुलाचं प्रोजेक्ट आहे म्हटल्यावर त्याने माझ्याकडे फार मायेने पाहिलं आणि किलोचीच पिशवी दिली. सुटं नव्हतं.

रात्री ग्लासात निळंशार पाणी तयार झालं. मुलामा द्यायला कपाटाची जुनी लोखंडी किल्ली. ती दोऱ्याने आत सोडली आणि मिनिटभरात लालसर झाली! मी ओरडलोच, "आलं! तांबं आलं!" बायको पोळी तव्यावर टाकून धावत आली. चिरंजीव शांतपणे म्हणाले, "पप्पा, चार्जर अजून लावलाच नाही."

इथे माझी पदवी ट्रंकेतून थोडी हलली. लोखंडाला इलेक्ट्रॉन सोडायची घाई असते आणि पाण्यातलं तांबं ते घ्यायला टपलेलंच असतं. दोघांच्या विद्युत विभवात ०.७८ व्होल्टचा उतार. गिब्ज नावाच्या शास्त्रज्ञाच्या हिशोबाने तांब्याच्या एका मोलमागे, म्हणजे साडेत्रेसष्ट ग्रॅममागे, दीडशे किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते, मग वीज कशाला लागते? काही कर्जदार असे असतात, हप्ता स्वतःहून आणून देतात. पण फुकटच्या कामाला पकड नसते. अंगठा फिरवला तर सगळं तांबं अंगठ्याला आलं आणि किल्ली काळीठिक्कर. कारखान्यात लोखंडावर आधी सायनाइडच्या द्रावणातून तांब्याचा पातळ हात देतात, एवढं मी बोललो मात्र, बायकोने ग्लास ओट्यावरून उचलून अंगणात नेऊन ठेवला.

मग पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधायच्या माळेतलं एक पितळी घुंगरू सुटं करून घेतलं. चिंच-मिठाने घासून लख्ख केलं. ते ऋण टोकाला. धन टोकाला काय लावायचं? पेन्सिलीचं शिसं चालतं, पण मग तिथे पाणी फोडून ऑक्सिजन काढावा लागतो. त्याला कमीत कमी ०.८९ व्होल्टचा रेटा हवा, प्रत्यक्षात बराच जास्त. उलट तिथे तांबंच लावलं, तर एका टोकाला जेवढं विरघळतं तेवढंच दुसऱ्या टोकाला बसतं. थर्मोडायनॅमिक्सच्या वहीत खर्च शून्य! द्रावणातून आयन ढकलायला जो काय रेटा लागेल तेवढाच. आणि घरात शुद्ध तांब्याची, हाताला येईल अशी एकच वस्तू होती: देव्हाऱ्यातल्या पंचपात्रातली आईची पळी. आई झोपली होती.

चार्जर लावला, ५ व्होल्टचा. शून्य खर्चाच्या कामाला पाच व्होल्ट म्हणजे विहिरीतून तांब्याभर पाणी काढायला ट्रॅक्टर. घुंगरावर काळपट भुकटी जमली, तवा खरवडल्यासारखी. आणि ग्लास गरम झाला. २ अँपिअर जर खरोखर वाहिले असते तर १० वॅट, अर्ध्या तासात १८ हजार ज्यूल. एवढ्यात ग्लासभर पाणी वीसेक अंशांनी तापतं. नको असलेला सगळा रेटा उष्णतेत गेला होता. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "मनी पयी कोठे शे रे?"

मी पळीकडे पाहिलं, तिने ग्लासला हात लावून पाहिलं. "पानी तपी गयं ना, आंग धोई ले आते."

दुसऱ्या दिवशी आईला काय काय कबूल करून पळी पुन्हा मिळवली, ते इथे सांगत नाही. (चारधामचा विषय निघाला होता एवढंच.) या वेळी चार्जर नको, दीड व्होल्टचा एकच सेल. दुकानं बंद झाली होती, म्हणून भिंतीवरच्या घड्याळातला काढला. शाळेतून आणलेल्या अॅमीटरवर काटा ०.२ अँपिअरवर थांबला आणि तासाभराने घुंगरू बाहेर आलं ते गुलाबी, मऊ, नव्या नवरीच्या गालासारखं. अंगठ्याने घासलं. निघालं नाही. मी तीनदा घासलं.

सरांनी मात्र वजनं आणायला सांगितली होती. किती विजेला किती धातू बसतो, याचे नियम फॅरेडेने १८३४ साली छापून ठेवलेत. ९६,५०० कूलोम (अँपिअर गुणिले सेकंद) गेले की ३१.७५ ग्रॅम तांबं बसतं. आमचे गेले ७२०, म्हणजे २३७ मिलिग्रॅम. एवढं तोलायला सराफाशिवाय कोण? त्याच्याकडे सगळं आदल्या दिवशीच तोलून ठेवलं होतं, आता दुसरी फेरी. पळी २४० मिलिग्रॅम कमी, घुंगरू २३० जास्त. त्याने काटा पुसून पुन्हा तोललं. म्हणाला, "तीस वर्षं धंद्यात आहे. घट रोज बघतो. वाढ आज बघितली." मी त्याला ΔG, म्हणजे गिब्जचा तो ऊर्जेचा हिशोब, समजावू लागलो, तर मागचं गिऱ्हाईक म्हणालं, "सोन्याची होते का हो अशी वाढ?" दुकानातला पोऱ्यासुद्धा पुढे सरकला.

प्रदर्शनात पहिला नंबर ठिबक सिंचनाच्या मॉडेलला गेला. जळगाव जिल्ह्यात दुसरं काय होणार.

घरी आल्यावर चिरंजीवांनी आजीला तक्ता वाचून दाखवला. पळीतून गेलेलं तांबं घुंगरावर बसलं, वाया काही गेलं नाही, वगैरे. आईने पळी उन्हात धरून पाहिली, मग घुंगरू पाहिलं. "म्हंजे मना देवनं तांबं बैलना गयामा?"

"हो, पण..."

"मंग उलटं कर. मनं तांबं माले वापस दे."

मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कारण तिचं बरोबर होतं. तारा उलट्या जोडल्या की घुंगरू विरघळणार, पळीवर तांबं बसणार. खर्च शून्य, वहीत दोन्ही बाजू सारख्या. शंभर पुस्तकं चाळली असती तरी सरांनासुद्धा हा प्रयोग सुचला नसता.

तर आत्ता रात्रीचे किती वाजलेत, सांगता येत नाही. तारा उलट्या लावून मी अंगणात पाटावर बसलोय. थंडी मरणाची आहे. बरोबर एक तासाने थांबवायचं आहे, नाहीतर मुलामा संपून खालचं पितळ विरघळायला लागेल. आणि घड्याळाचा सेल ग्लासला जोडलाय.