म्हणे व्हिटनीचं गाणं!

एक पोस्ट फिरतेय, तुमच्याकडेही आली असेल. 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे व्हिटनी ह्यूस्टनचं गाणं, डॉली पार्टन या अमेरिकन गायिकेनं मागाहून त्याचं कंट्री (म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या ढंगाचं) व्हर्जन केलं, लग्नात वाजवायला याच्याइतकं रोमँटिक दुसरं नाही, एल्विस प्रेस्लीनं ते नाकारलं होतं, आणि व्हिटनीचा तो वरचा सूर नसता तर आज कुणी विचारलंही नसतं. एवढ्याशा पोस्टीत इतकं चुकीचं लिहायलाही कसब लागतं राव.

अहो, व्हिटनीचं आलं १९९२ ला, 'द बॉडीगार्ड' पिक्चरमध्ये. डॉलीनं ते स्वतः लिहिलं, १९७३ मध्ये नॅशविलला रेकॉर्ड केलं आणि १९७४ मध्ये ते कंट्री चार्टवर एक नंबरला होतं. १९८२ मध्ये तिनंच परत गायलं आणि परत एक नंबर. मग मागाहून कोण आलं?

आता ते लग्नाचं. गाणं निरोपाचं आहे हो, मी थांबले तर तुझ्या वाटेत येईन म्हणून निघते, असं ती सुरुवातीलाच सांगतेय, आणि ते वरमाला घालताना लावायचं? शिवाय ज्याच्यासाठी लिहिलं तो प्रियकर नव्हताच, तो कंट्री गायक पोर्टर वॅगनर. १९६७ पासून डॉली त्याच्या टीव्ही शोमध्ये गायची, नाव झालं तेही तिथेच, पण तिला स्वतःचं करिअर करायचं होतं आणि हा सोडायला तयार नाही, रोज वादावादी. तीच सांगते की बोलून ऐकेना म्हणून घरी जाऊन गाणं लिहिलं आणि त्याच्यासमोर बसून गायलं, तर तो रडला आणि जा म्हणाला.

एल्विसनं नाकारलं हे तर साफ उलटं. त्याला गायचं होतं, पण त्याचा मॅनेजर कर्नल पार्कर पब्लिशिंगचे अर्धे हक्क, म्हणजे गाण्याच्या कमाईतला लिहिणाऱ्याकडचा अर्धा वाटा, मागत होता, तेव्हा नाही म्हणाली ती डॉली. रात्रभर रडले म्हणते, पण हक्क दिले नाहीत. म्हणून तर व्हिटनीची रेकॉर्ड धो धो खपली तेव्हा पैसे हिच्याकडेही आले.

राहिला वरचा सूर. तो भारीच आहे, १४ आठवडे अमेरिकेत एक नंबर उगाच नाही राहिलं. पण व्हिटनीच्या टीमसमोर गायिका लिंडा रॉनस्टॅटचं व्हर्जन होतं, त्यात शेवटचं कडवंच नव्हतं, डॉलीनं प्रोड्युसर डेव्हिड फॉस्टरला सांगितलं तेव्हा ते घेतलं गेलं. तुझं भलं होवो, सुख मिळो, एवढंच आहे त्यात, रुसवा नाही, टोमणा नाही, आणि डॉली तर ते गातही नाही, नुसतं बोलते, शेजारी बसून बोलल्यासारखं. व्हिटनीच्या व्हर्जनमध्ये हेच कडवं संपतं, सगळं थांबतं, ड्रमचा एक ठोका पडतो आणि मग तो सूर लागतो. कडवं गाळून ऐकून बघा एकदा, तो सूर नुसता मोठा वाटेल.