खुलासा: सामायिक कुरण उजाड होणारच, असं सिद्ध झालेलं नाही

‘जे सगळ्यांचं, त्याची वाट लागणारच, हे शास्त्रानं सिद्ध केलंय,’ असा मजकूर फिरतो आहे. आधार दिला जातो अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांच्या 1968 च्या लेखाचा: सगळ्यांच्या कुरणावर जो तो आपली गुरं वाढवत जातो आणि शेवटी कुरण उजाड होतं. पण त्यातलं कुरण काल्पनिक होतं आणि तिथे कसलाच नियम नव्हता. आपला मुद्दा व्यवस्थापन नसलेल्या कुरणांपुरता आहे, हे पुढे हार्डिन यांनीच सांगितलं. ही दुरुस्ती मात्र कुणी पुढे पाठवत नाही, याचं वाईट वाटतं.

खरं कुरण बघा. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचा 1517 चा नियम असा: हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जेवढ्या गायी पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावर सोडायच्या. जास्त सोडल्या तर दंड. त्यातला अर्धा वसूल करणाऱ्या कारभाऱ्याचा. म्हणजे नजर ठेवण्यात त्याचाही फायदा.

अशाच व्यवस्थांच्या अभ्यासासाठी अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनोर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ‘लोकांवर सोडा, सगळं आपोआप जमतं,’ असं त्यांच्या नावावर खपवणंही तितकंच चूक आहे. फसलेली उदाहरणंही त्यांनी नोंदवली आहेत. तुर्कस्तानात बोद्रुमच्या मच्छीमारांना अशी घडी बसवता आली नाही.